मडगार्ड ही लेकराची जागा नव्हे



सुगीच्या दिवसांत गावोगाव एक चित्र दिसते. बाप ट्रॅक्टर चालवतो आहे, शेजारी मडगार्डवर पाच-सहा वर्षांचे लेकरू बसले आहे, मागे रोटाव्हेटर फिरतो आहे. पाहणाऱ्याला कौतुक वाटते. आम्हाला भीती वाटते.

आपल्या पिढ्या बैलांच्या पायांत वाढल्या. लेकरू आडवे आले तर घरचा बैल थबकायचा. ट्रॅक्टर थबकत नाही. त्याला घरचे-परके कळत नाही. बैलाच्या काळातल्या सवयी तशाच ठेवून आपण चाळीस-पन्नास अश्वशक्तीचे यंत्र अंगणात आणले, घोटाळा इथेच आहे.

मडगार्डवरचे लेकरू बांधाच्या एका धक्क्याने पडते ते थेट मोठ्या चाकाखाली किंवा मागच्या औजारात. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात सदऱ्याचे टोक किंवा ओढणी अडकली तर हाक मारायलाही उसंत मिळत नाही. आणि त्याचे झाकण मोडले की आपण ते गोठ्याच्या कोपऱ्यात टाकून देतो!

सरकारने कायदे केले आहेत. मळणी यंत्रांसारख्या यंत्रांसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर ट्रॅक्टर चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण खळ्यावर आणि वावरात पोलीस येत नाही. तिथे आपणच आपले सरकार.

कोणी म्हणेल, नवरा-बायको दोघे रानात राबतात तेव्हा कुठे चूल पेटते, लेकरू सांभाळायला घरी कोण ठेवायचे? हा प्रश्न खरा आहे. शेतीला भाव मिळाला असता तर तो इतका बिकट झाला नसता. पण भाव मिळेपर्यंत लेकरे चाकाखाली द्यायची का? लेकरू रानात आले तरी झाडाखाली एका मोठ्या माणसाच्या नजरेत राहिले पाहिजे. त्या माणसाचे ते दिवसभराचे कामच समजावे.

ऊसतोड मजुरांची लेकरे पाचटात, ट्रॉलीच्या सावलीत झोपतात. तीही आपल्याच शिवारातली लेकरे आहेत. ज्याच्या फडात तोड, त्याने ट्रॉली हलण्याआधी खाली उतरून चारी बाजू पाहिल्याच पाहिजेत.

आमचे मागणे मोठे नाही. ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याशिवाय कोणी बसायचे नाही. पीटीओचे झाकण बसवल्याशिवाय औजार जोडायचे नाही. यंत्र बंद केले की किल्ली खिशात आणि औजार जमिनीवर. याला पैसा लागत नाही, झाकणाला लागतो तो डिझेलच्या खर्चापुढे काहीच नाही.

अपघात झाला की आपण नशिबाला बोल लावतो. बाजारात लुटले गेलो तेव्हा आपण नशिबाचे नाव ऐकून घेतले नाही. मग घरातले लेकरू गेल्यावर का ऐकावे? बैठकीहून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गावात, ट्रॅक्टर असलेल्या दहा घरी जाऊन हे सांगावे. सुरुवात मात्र स्वतःच्या ट्रॅक्टरपासून करावी.