मताची कळ आणि कारणाची ओळ

लोकमताचा आकडा हाती आला म्हणजे लोकांचे मन कळले, असा समज अलीकडे रूढ झालेला दिसतो. तो किती अपुरा आहे, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातील उदाहरणावरून दाखविता येईल.

सन २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात विजयी उमेदवाराच्या खालोखाल मते कोणाही उमेदवारास पडली नाहीत. ती 'वरीलपैकी कोणीही नाही' या कळीस पडली. सुमारे २७,५०० मतदारांनी ती दाबली. आकडा लहान नव्हे. परंतु त्याचा अर्थ काय? कोणाच्या मनात सोयाबीनचा भाव होता, कोणाच्या मनात पाणी, तर कोणास उमेदवारीचाच राग. हे यंत्रास विचारता येत नाही. ज्यास जो अर्थ सोयीचा, त्याने तो लावावा, अशी स्थिती झाली.

तथापि कळीची निंदा करणे हा आमचा हेतू नव्हे. पूर्वी मत देण्यास नकार द्यावयाचा झाल्यास नियम ४९-ओ अन्वये मतदान केंद्राध्यक्षासमोर नोंदवहीत तसा शेरा होऊन त्यावर सही किंवा अंगठा करावा लागे. गुप्तता राहत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयाने ही कळ मिळाली. ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याचे ऋण आहे किंवा जो दुसऱ्याची जमीन बटाईने करतो, त्यास उघडपणे 'नको' म्हणणे किती कठीण, हे वाचकांस सांगावयास नको.

परंतु जेथे भय नाही, तेथे कारण लिहिलेच पाहिजे. महसूल खात्यात आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट मनावर बिंबली आहे. फेरफारास हरकत तोंडी असो वा लेखी, तलाठ्याने तिची लेखी पोच द्यावयाची, ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवावयाची आणि मग तिचा निर्णय व्हावयाचा. हरकतदार किती, यावर निकाल ठरत नाही. हरकत काय, यावर ठरतो. निरक्षराचेही म्हणणे याच रीतीने कागदावर येते.

आपल्या ग्रामसभांत व सोसायट्यांच्या सभांत मात्र बहुधा हात वर होतात, 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले जाते आणि सभा उठते. बियाणे उगवले नाही, असे चाळीस हात सांगतील. परंतु पेरणी कोणत्या तारखेस झाली, जमिनीत ओल किती होती, पिशवीवरील लॉट नंबर कोणता, हे लिहिलेली ओळच सांगेल. त्या ओळीवाचून तक्रारीस बळ येत नाही.

सबब आमची सूचना एवढीच की, मतमोजणी अवश्य व्हावी. पण विरोधी मत देणाऱ्याचे कारण, तो सांगू इच्छील तर, इतिवृत्तात दोन ओळींत नोंदवावे. ज्यास लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे सचिवाने लिहून घ्यावे व वाचून दाखवावे. हात किती होते, हे पुढील वर्षी कोणास आठवणार नाही. कारण मात्र वहीत राहील. सुज्ञ वाचकांनी याचा अवश्य विचार करावा.