तांब्याची चमक कुठून येते?
नाशिकच्या भांडी बाजारातल्या हंड्याची जाहिरात फोटोशॉपमध्ये करताना तांबे अनेकदा प्लास्टिकसारखे दिसते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. खरी उणीव निरीक्षणात असते. घासलेल्या भांड्यावर आपल्याला जे दिसते ते बहुतांशी भोवतालचे प्रतिबिंब असते, धातूच्या छटेत भिजलेले. म्हणून तयार ग्रेडियंटचा तांबूस पट्टा ओढून तांबे होत नाही. गडद आणि उजळ पट्टे एकमेकांना खेटून हवेत, त्यांनी भांड्याच्या घाटाचे वळण पाळायला हवे, आणि चमकही तांबूसच हवी. पांढरी चमक स्टीलला शोभते. मठारलेल्या हंड्यावर तर तांबटाच्या हातोडीचा प्रत्येक ठोका आपापला उजेड वेगळा परतवतो, तिथे एकच सलग झळाळी खोटी वाटणारच. कुणी म्हणेल, गिऱ्हाईक एवढे बारकावे कुठे पाहते? नेमके कारण त्याला सांगता येणार नाही, पण देवघरातली पितळी समई रोज पाहणारा डोळा नकली धातूवर विश्वास ठेवत नाही. एका क्लिकची तयार स्टाइल वेळ वाचवते, ती जरूर वापरावी; मात्र आधी खरा हंडा उन्हात फिरवून नीट पाहावा.