नवख्याच्या हाती पहिले पिस्तूल

खानदेशात ‘पिस्तूल’ हा शब्द कानी पडताच सर्वसामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे क्रीडांगण उभे राहत नाही. उभा राहतो तो पोलीस पंचनामा. चोपडा तालुक्याला लागून, सातपुड्यात वसलेल्या उमर्टीचे नाव गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत इतक्या वेळा छापून आले आहे की, मुलाने नेमबाजी शिकण्याचा हट्ट धरल्यास चाळीसगावच्या पालकाने धास्तावावे यात नवल नाही. पण या हट्टालाही सबळ कारण घडले आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळविले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये. कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. मध्य रेल्वेच्या या जंक्शनला तो परका वाटू नये.

तेव्हा शिकवावे की नाही, हा वाद फारसा उरत नाही. प्रश्न उरतो तो नवशिक्याच्या हाती प्रथम काय द्यावे, हा. लहान नळीचे म्हणून ‘पॉइंट टू-टू’ पिस्तूल सुचविणारे पुष्कळ आहेत. मोठ्या शस्त्रांच्या तुलनेत त्याचा धक्का सौम्य, हे खरेच. परंतु त्यातही दारूचे काडतूस आहे, स्फोटाचा आवाज आहे. नवख्या माणसाचा नेम चुकतो तो बहुधा डोळ्यामुळे नव्हे. आवाजाच्या आणि धक्क्याच्या अपेक्षेने तो चाप ओढण्याच्या क्षणीच दचकतो, मनगट आवळतो आणि माशी लक्ष्यावरून घसरते. ही खोड एकदा जडली की ती मोडताना शिक्षकाच्या नाकी नऊ येतात.

10 मीटरच्या एअर पिस्तुलात दाबलेली हवा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा, 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा फेकते. धक्का जवळजवळ नाही. त्यामुळे चूक झाली तर ती कोणाची, हे विद्यार्थ्याला तत्काळ कळते. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे असते. एका हाताने ते साधणे हा पोरखेळ आहे, असे म्हणणाऱ्याने एकदा करून पाहावे!

कायद्याचीही अनुकूलता इकडेच आहे. पॉइंट टू-टूला परवाना लागतो आणि एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्यास तो मिळत नाही. देखरेखीखालील प्रशिक्षणापुरती काय ती सवलत. उलट 4.5 मिलिमीटरच्या मर्यादित शक्तीच्या हवाई शस्त्राला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. अर्थात परवाना नाही म्हणून धोका नाही, असे मात्र नव्हे. छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. कुलूपबंद कपाट, डोळ्यांना चष्मा आणि समोर छर्रे अडविणारी भक्कम भिंत यांत सवलत देता येणार नाही.

आता पैशाची बाब. परदेशी बनावटीचे स्पर्धेचे पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. कारकुनाने किंवा कापूस पिकविणाऱ्याने ते मुलासाठी घ्यावे, असे सांगणे ही थट्टाच होय. परंतु नवशिक्याला स्पर्धेचे पिस्तूल लागतच नाही, आणि साध्या पिस्तुलाची मालकी तरी एकट्याची कशासाठी? एका पिस्तुलावर आळीपाळीने दहा मुले सहज शिकतात. छर्ऱ्यांचा पाचशेचा डबा साठ-साठ नेमांच्या आठ सरावांना पुरतो. खुल्या गोळीबार मैदानाची जागा तालुक्याच्या गावाला परवडणार नाही. दहा मीटरची मार्गिका मात्र शाळेच्या लांब दालनात बसते.

राही सरनोबतला बंदुकीचा पहिला परिचय कोल्हापूरच्या शाळेत, एन.सी.सी.मध्ये झाला. पुढे 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले ते 25 मीटर पिस्तुलात, म्हणजे पॉइंट टू-टूवरच. तेव्हा त्या शस्त्राशी वैर नाही. त्याची पाळी नंतर यावी, इतकेच. कोल्हापुरात शाळेने जे दार उघडले, ते चाळीसगावात कोणी उघडायचे? एन.सी.सी.चे पथक असलेल्या एखाद्या महाविद्यालयाने सुटीच्या दिवशी एक दालन रिकामे करून दोन पिस्तुले आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर आरंभ केला, तर पहिल्या वर्षाचा खर्च स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून फार अधिक येऊ नये.