जट देवीची नव्हे, गुंत्याची

कुरळ्या केसाला इतकी वळणे असतात की टाळूवरचे तेल टोकापर्यंत पोहोचतच नाही. केस कोरडे पडतात, एकमेकांत अडकतात. रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. सरळ केसांतले गळून पडतात, कुरळ्यांतले तिथेच गुंततात. काही आठवडे कंगवा लागला नाही की जट तयार! मग कोणीतरी म्हणते, यल्लमा आली. त्या दिवसापासून धुणे-विंचरणे बंद, आणि जट वाढतच जाते.

एकेकाळी अशा मुलीला देवीला सोडत. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात 2005चा कायदा आहे, पण जटेची भीती कायद्याने जात नाही. पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा कापल्या आहेत. केस मृत केराटिनचा. कापताना ना रक्त येते, ना दुखते. वेळ लागतो तो घरच्यांची समजूत घालायला.

डॉक्टर मात्र इथे कमी पडतात. मान दुखते, उवा झाल्या म्हणून बाई ओपीडीत येते, गोळ्या घेऊन जाते. डोक्यावरच्या ओझ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. देवाचा विषय नको, ही पळवाट झाली.

लेकीचे केस कुरळे असतील तर कोरडे ओढू नयेत. ओल्या केसांना कंडिशनर किंवा थोडे खोबरेल लावून, रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोके सोडवावीत, मग वर जावे. रात्री सैल वेणी. आणि गुंता सुटेचना, तर तेवढी बट सरळ कापावी.