आधी शंकू, मग पेटी

स्नेहसंमेलनासाठी सबवूफर करावयाचा ठरला, की आपण प्रथम सुतारास बोलावितो आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात मावेल एवढी पेटी सांगतो. आत बसवावयाचा ध्वनिवर्धक मागाहून येतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, आणि विद्यार्थ्यांच्या वर्गणीचा पैसा त्यात हकनाक जातो.

ध्वनिवर्धकाचा शंकू कडेच्या रबरी वळीवर व मागील चुणीदार कापडी चकतीवर तोललेला असतो. हे त्याचे सस्पेन्शन. ते जितके सैल, तितका शंकू सहज झुलतो. परंतु बंद पेटीत कोंडलेली हवा हीही एक स्प्रिंगच होय. पेटी लहान, तर स्प्रिंग ताठ. आपल्या घुमटाच्या उघड्या तोंडावर तळवा ठेवताच नाद पालटतो. तेथेही कातड्याबरोबर आतल्या हवेचा अधिकार चालतो.

अमेरिकेतील एडगर विल्चर यांनी १९५४ साली या हवेलाच कामास लावले. त्यांनी सस्पेन्शन मुद्दाम अतिशय सैल ठेवले आणि शंकू सावरण्याचे काम कोंडलेल्या हवेकडे सोपविले. कारण कापड-रबरापेक्षा हवा अधिक इमानाने मागे ढकलते. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये, व रिचर्ड स्मॉल यांनी त्यानंतरच्या दशकाच्या आरंभी, पेट्यांचे हे शास्त्र गणितात बसविले.

त्यातील एक आकडा सर्वांनी ओळखावा. सस्पेन्शनइतकीच लवचीक हवा किती लिटर, हे तो सांगतो. माहितीपत्रकात त्यास ‘व्हीएएस’ म्हणतात. समजा, मोकळ्या हवेत २५ हर्ट्‌झला झुलणाऱ्या शंकूचा हा आकडा ९० लिटर आहे. त्यास ३० लिटरच्या बंद पेटीत बसविले, तर नव्वद भागिले तीस म्हणजे तीन. त्यात एक मिळवून चार, चाराचे वर्गमूळ दोन. कंपनसंख्या दुप्पट होऊन ५० हर्ट्‌झवर जाते! पेटी ९० लिटरची असती, तर ती ३५ च्या आसपास राहिली असती. शिवाय लहान पेटीत शंकूचा झोल लवकर थांबत नाही. एकाच सुराच्या घुमघुमाटात डग्ग्याचे बोल बुडतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या वादकाच्या माथी येतो.

छिद्राच्या पेटीत चूक याहून महाग पडते. छिद्राच्या ठरलेल्या स्वराखाली हवेचा आधार सुटतो, आणि सैल सस्पेन्शनचा शंकू मर्यादेबाहेर हेलकावून निकामी होण्याचे भय असते.

काही दुकानदार माहितीपत्रक मागितले की कुरकुरतात. अशांकडून ध्वनिवर्धक घेऊच नये. पत्रक मिळाले म्हणून फार काटेकोरपणाही नको; नवे सस्पेन्शन काही तास वाजल्यावर थोडे सैलावते व आकडा सरकतो, तेव्हा अर्ध्या लिटरासाठी सुताराशी भांडण्याचे कारण नाही.