उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

टोकियोच्या ओतेमाची या गजबजलेल्या व्यापारी भागात २०१६ साली ‘होशिनोया’ हे आलिशान हॉटेल सुरू झाले. तेथे उतरणाऱ्या धनाढ्य पाहुण्यालाही प्रवेशद्वाराशीच पादत्राणे काढावी लागतात. पुढे थेट लिफ्टमध्येही तातामी, म्हणजे गवती बैठक अंथरलेली. स्नानास सुमारे पंधराशे मीटर खोलीवरून आणलेले उष्ण झऱ्याचे पाणी. जपानी माणूस आपल्या या घरगुती रीतीला जुनाट म्हणून झाकत नाही. तो तिचे मोल सांगतो आणि जग ते मुकाट्याने मोजते.

ही रीत निर्मळला परकी आहे काय? कार्तिकातील यात्रेत शंकराचार्यांच्या समाधीच्या दर्शनाला आलेला सोयरा घरी उतरला, की उंबऱ्याबाहेर वहाणा, पायांवर पाणी आणि ओटीवर चटई, हेच त्याचे स्वागत असे. (चहा मागाहून!) आता शहरी हॉटेले पाहुण्याला बुटांसकट गालिच्यावरून आत नेतात आणि त्यालाच प्रतिष्ठा समजतात. शेजारच्या सोपारा बंदरात दूरदेशींचे व्यापारी उतरत. त्या भूमीने आतिथ्याची कल्पना उसनी आणावी, हे खटकते.

वसई परिसरातील एखाद्या हॉटेलचालकाने निदान एक मजला तरी चटयांचा करून पाहावा. भाडे कमी ठेवण्याचे मात्र काहीच कारण नाही.