नक्कल कोणाच्या हिताची?

‘मीम’ म्हणजे मोबाइलवर फिरणारे थट्टेचे चित्र, एवढाच अर्थ आज रूढ झाला आहे. मूळ शब्द मात्र जीवशास्त्राच्या एका ग्रंथातला. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात तो प्रथम योजिला. अनुकरणवाचक ग्रीक शब्दावरून तो घडविला आणि ‘जीन’शी यमक जुळावे म्हणून आखूड केला. जनुक जसे एका देहातून दुसऱ्या देहात उतरते, तशी गाण्याची चाल, पोशाखाची तऱ्हा वा मडके घडविण्याची रीत एका मनातून दुसऱ्या मनात अनुकरणाने उतरते. अशा रीतीने उतरणारा घटक म्हणजे मीम.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. रूढी, परंपरा, संस्कार हे शब्द आपल्याकडे होतेच. परंतु रूढी टिकते ती समाजाच्या उपयोगाची असते म्हणून, असे समाजशास्त्रातील एक मोठे घराणे मानीत आले. डॉकिन्स यांचे म्हणणे याहून बोचरे आहे. रूढी कोणाच्याही उपयोगाची नसली तरी चालते. स्वतःची नक्कल करवून घेण्यात ती तरबेज असली म्हणजे झाले.

याचा मासला एका पिढीच्या चांगला परिचयाचा आहे. एखाद्या देवाच्या नावाने पोस्टकार्ड येई. हाच मजकूर आणखी अकरा जणांस लिहून धाडल्यास धनलाभ, कार्ड फाडल्यास घात, असे त्यात बजावलेले असे. लिहिणाऱ्याच्या पदरी टपालखर्चाखेरीज काही पडत नसे. तरीही उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणून विश्वास नसलेल्या सुशिक्षितांनीही ती कार्डे लिहिली. देव बदले, आकडा बदले. लालूच, भीती आणि ‘पुढे लिहा’ ही आज्ञा तेवढी कायम राही. ज्या पत्रांत ती आज्ञा नव्हती, ती पहिल्याच घरी संपली.

म्हणून पसरणारे सर्वच मीम ठरते काय? अमेरिकेत संकरित मक्याचे बियाणे निरनिराळ्या राज्यांत कमीअधिक वेगाने का पसरले, याचा शोध अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५७ साली घेतला. हा फरक बव्हंशी नफ्यातील फरकाने उलगडतो, असे त्यांना आढळले. शेतकरी हिशेब करीत होता. तेथे ‘मीम’ म्हटल्याने ज्ञानात काडीची भर पडत नाही. दुसरी अडचण डॅन स्पर्बर यांनी दाखविली: ऐकलेली गोष्ट माणूस उतरवून घेत नाही, आपल्या समजुतीने पुन्हा रचतो. मग जनुकासारखी हुबेहूब नक्कल राहिली कोठे? ‘पसरले, कारण पसरण्याजोगे होते’ हे तर नुसते शब्दांचे चऱ्हाट.

तेव्हा व्याख्या आवळणेच इष्ट. जे ओळखू येईल इतक्या अचूकपणे उतरते आणि ज्याचा प्रसार नक्कल करणाऱ्याच्या लाभाने उलगडत नाही, तेच मीम म्हणावे. थट्टेची चित्रे तर लोक मुद्दाम फेरफार करून धाडतात. मूळ कल्पनेहून ती वेगळी, हे खुद्द डॉकिन्स यांनी २०१३ मध्ये सांगितले.

पोस्टकार्डाचा खरा वारस निराळाच आहे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश २०१८ साली मोबाइलवरून गावोगाव पोचले. ते पुढे धाडणाऱ्यास काही मिळत नव्हते. खरे असले तर, एवढीच धास्ती. त्या अफवेपायी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतापुरती मर्यादा जाहीर केली, की कोणताही संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही. मजकूर खरा की खोटा, याच्याशी त्या मर्यादेचा संबंध नव्हता. अकरा कार्डे हाताने लिहिण्याचे कष्ट पूर्वी जो अटकाव करीत, तोच तिने थोडाबहुत पुन्हा घातला.